आम्हाला कोण काढणार

आज शीट उघडली नाही. म्हणजे उघडली, पण कामांच्या यादीऐवजी पांढऱ्या पानावर एक कुलूप आणि खाली निळं बटण: 'परवानगी मागा'. आधी वाटलं, चुकून आईच्या अकाउंटमधून शिरलेय. नाही, अकाउंट माझंच. जेवण झाल्यावर पुन्हा बघितलं, तेच कुलूप. बटण दाबलं नाही. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

व्हिडिओ गेमवरच्या एका परदेशी साइटसाठी मी घरून लिहायचे, लेखामागे पैसे, आणि त्या शीटवर आमचं सगळं चालायचं. गेमचं नाव, विषय, शब्द किती, आणि शेवटचा रकाना मोकळा. त्यात जो आधी नाव टाकेल त्याचं काम. आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजले की तिकडचं ऑफिस जागं व्हायचं आणि नव्या ओळी पडायला लागायच्या. कुकर गॅसवर ठेवून मी नावं टाकलीयेत. मनिलावाली माझ्याहून चपळ, चांगली कामं बहुतेक तीच उचलायची. तिचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही. आज तिचीच आठवण सगळ्यात आधी आली.

खरं काय झालं ते संध्याकाळी कळलं. साइट विकली गेली, आणि एडिटरसकट जवळपास सगळा स्टाफ काढला. मग एकेकाच्या पोस्ट यायला लागल्या. 'आज माझा इथला शेवटचा दिवस.' खाली हळहळणाऱ्यांची ही रांग. कुणी म्हणतंय तुझे लेख वाचून मी मोठा झालो, कुणी म्हणतंय आमच्याकडे जागा आहे, मेसेज कर. मी सगळं वाचत बसले. वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या आधी जे वाटलं ते सरळसरळ जळणं होतं. यांना निदान कुणीतरी काढलं! फोन करून, मीटिंगला बोलावून, कागद देऊन. मला काढायला मी होतेच कुठे?

दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, पण तुझी नोकरी नव्हतीच ना ती?" नव्हतीच. बरोबर आहे त्याचं. वहिनीने विषय बदलला, बरं केलं तिने.

ही काही पहिली साइट नाही. गेम इन्फॉर्मरच्या वेळी तर मी रडले होते. 1991 पासूनचं गेमवरचं मासिक, आणि 2024 च्या ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी मालकांनी, म्हणजे गेम विकणाऱ्या त्या गेमस्टॉप दुकानवाल्यांनी, बंद करून टाकलं. नुसतं बंद नाही, कुठल्याही जुन्या लेखावर क्लिक करा, तोच एक निरोपाचा मजकूर. तेहतीस वर्षांचं लिखाण दुपारभरात दिसेनासं झालं. पुढे 2025 च्या मार्चमध्ये गनझिला नावाच्या गेम बनवणाऱ्या कंपनीने ते परत उभं केलं, जुन्या टीमसकट. म्हणजे गेमवर लिहिणाऱ्यांना आता गेमवाल्यांनीच सांभाळायचं. यावर माझं मत आहे, पण आज नको. आणि मग पॉलिगॉन, तीही गेमवरचीच साइट. मालक कंपनी व्हॉक्सने ती व्हॅलनेट नावाच्या दुसऱ्या कंपनीला विकली, कित्येकांना नारळ मिळाला, तो दिवस 1 मे 2025. आपल्याकडे महाराष्ट्र दिनाची सुट्टी, कामगार दिनाची भाषणं. तिकडे अमेरिकेत कामगार दिन सप्टेंबरात असतो, त्यामुळे त्यांना त्यातलं काही खटकलं नसावं.

कारणं सगळ्यांना पाठ आहेत. जाहिरातींचा पैसा आटला. निंटेंडोसारख्या गेम बनवणाऱ्या कंपन्या 2011 पासून स्वतःच कॅमेऱ्यासमोर बसून घोषणा करतात, मधे पत्रकार कशाला हवा? ई-थ्री हे गेमचं मोठं प्रदर्शन 2023 च्या डिसेंबरात कायमचं गुंडाळलं. उरलेलं सर्चवर चाललं होतं. आणि सर्चवरून येणारा माणूस काय शोधत यायचा, तर आम्ही लिहायचो ते गाइड, म्हणजे गेममध्ये अडकलेल्याला वाट सांगणारे लेख. चावी कुठे आहे, अमुक दार कसं उघडायचं, शेवटच्या राक्षसाला कुठल्या हत्याराने मारायचं. रिव्ह्यू लिहिणाऱ्याला मान, पण घर गाइडवर चालायचं. हे एडिटरच म्हणायचा.

एल्डन रिंगचं आठवतं. 2022 च्या फेब्रुवारीत गेम आला तेव्हा घरचे झोपले की मी बसायचे. त्यात रानी नावाचं एक पात्र. तिचं काम करत करत जमिनीखालच्या नदीपाशी गेलात की तिची एक छोटी बाहुली मिळते. विसाव्याच्या जागी बसलात की बाहुलीशी बोलायचा पर्याय येतो. बोललात, काही नाही. पुन्हा बोललात, काही नाही. सगळे इथेच सोडून देतात. तिसऱ्यांदा बोललात की ती उत्तर देते. गेम हे कुठेच सांगत नाही. मी लिहिलं होतं, 'ती गप्प राहील, तरी बोलत राहा.' एडिटरने ते वाक्य ठेवलं होतं, एरवी असली वाक्यं तो कापायचा. आता तोच प्रश्न सर्चमध्ये टाकला की वरच्या चौकटीत एआयचं उत्तर येतं, तीन ओळींत, बरोबर. खाली यायची गरजच नाही. ते माझ्यावरूनच उचललंय असं म्हणायला पुरावा काय? माझ्यासारख्या पन्नास जणींनी ते लिहिलेलं असणार.

पुन्हा तेच. मला वाईट वाटून घ्यायचा हक्क आहे का, इथेच गाडी अडकते. कारण दुसरी बाजूही दिसते. तिकडे पगार, विमा, रजा घेणारी माणसं होती. मालकांना तेवढाच मजकूर पगाराशिवाय, विम्याशिवाय, रजेशिवाय मिळतो हे कुणी दाखवून दिलं? मी दाखवून दिलं. एका लेखाचे पैसे डॉलरमध्ये मोजले तर त्यांचं चहापाणी, रुपयांत मोजले तर आमचा निम्मा किराणा. म्हणजे ज्यांच्यासाठी मी हळहळतेय त्यांच्या खुर्चीचे पाय थोडे मीही कापलेत. आणि आता माझ्याहून स्वस्त काहीतरी आलंय, ज्याला किराणाही लागत नाही.

आजोबा कापडगिरणीत बदली कामगार होते. लालबागला. पाळीच्या आधी गेटवर उभं राहायचं, कायमवाला आला नाही तर आत, नाहीतर परत खोलीवर. 1982 च्या संपात अडीच लाख माणसं बाहेर पडली तेव्हा आजोबाही पडले. 'माझी गिरणी' म्हणायचे, डोंबिवलीला आल्यावरसुद्धा. गिरणीने त्यांना कधी 'माझा' म्हटलं असेल असं वाटत नाही. हे लिहिताना मला एकदम खुदकन हसू आलं. गिरणी आणि गेम! आजोबांनी पायताण काढलं असतं. दिवसभर पंख्याखाली बसून कसल्यातरी बाहुलीशी बोलत होतीस, आणि म्हणे बदली कामगार.

हसल्यावर जरा बरं वाटलं. मग शहाण्यासारखा विचार करून पाहिला. ज्यांना काढतात त्यातले काहीजण स्वतःचं थाटतात. 2007 मध्ये गेमस्पॉट या साइटने एकाला एका रिव्ह्यूपायी काढलं, त्यातून जायंट बॉम्ब हे नवं ठिकाण उभं राहिलं, आणि 2025 मध्ये ते तिथल्याच लोकांनी मालकांकडून विकत घेतलं. एस्केपिस्ट या दुसऱ्या साइटची व्हिडिओवाली मंडळी 2023 मध्ये एकगठ्ठा बाहेर पडली आणि सेकंड विंड हे स्वतःचं चॅनेल सुरू केलं. कोटाकू साइटच्या जुन्या लोकांची नवी साइट आफ्टरमॅथ, मालक तेच, कामगार तेच. वाचक महिन्याला पैसे भरतात. मीही एका ठिकाणी भरते. पुढे हेच टिकेल, यात मला शंका नाही. पण लोक पैसे भरतात ते ओळखीच्या आवाजाला, ओळखीच्या चेहऱ्याला, त्यांच्या भांडणांना आणि पाणचट विनोदांना. बाहुलीशी कितीदा बोलायचं हे सांगणाऱ्या बाईला दर महिन्याला पाच डॉलर कोण देणार? मीसुद्धा देणार नाही. हे एकदा मान्य केलं की निम्मी कटकट संपते. उरलेल्या निम्मीचं काय ते माहीत नाही.

मनिलावालीने मघाशी मेसेज केला. तिच्याकडेही कुलूपच. तिने मात्र बटण दाबलं म्हणे, गंमत म्हणून. उत्तर द्यायला तिकडे कुणी नाही. आम्ही दोघी बराच वेळ टाइप करत होतो, पहिल्यांदाच कामाशिवाय. तिच्या मुलाला माइनक्राफ्टचं वेड आहे, हे मला आज कळलं.

एडिटरला लिहायला बसलेय. माणूस चांगला होता, सणाला सुट्टी मागितली की दिवाळी कधी असते हे आधी स्वतः शोधून बघायचा. त्याला दोन लहान मुलं आहेत. प्रश्न असा की माझं गेल्या महिन्याचं बिल अजून निघालेलं नाही, आणि ते मंजूर करणारा माणूस तोच. नव्या मालकांकडे कुणाला विचारायचं हे फक्त त्याला माहीत असणार. पण नोकरी गेलेल्या माणसाला त्याच संध्याकाळी पैशांचं विचारायचं? आई म्हणते, "विचार की, कष्टाचे आहेत." पहिला परिच्छेद झालाय, मनापासून लिहिलाय. दुसऱ्यात बिलाचा नंबर टाकला, खोडला, परत टाकला. आत्ता टाकलेला आहे.