कुर्ल्याला उतरणारा पेशंट

भांडुपला माझा छोटा दवाखाना आहे. दोनेक वर्षांपूर्वी तिशीचा एक मुलगा आला. "मॅडम, संडासला रक्त पडतं, मूळव्याधीचं मलम द्या." बाहेर रांग लागलेली. मी मलम लिहून दिलं, तपासलं नाही. ती चूक माझीच.

तीन महिन्यांनी तो परत आला. "दादरला कामावर जाताना घाटकोपरला नाहीतर कुर्ल्याला उतरावंच लागतं. जोराची लागते, आणि बसलो की नुसती आव आणि रक्त. उठलो की वाटतं, राहिलंच अजून."

मूळव्याधीसाठी कुणी गाडीतून उतरत नाही. त्या दिवशी बोटाने तपासलं. कोंब लागला नाही, गाठ नाही, पण ग्लोव्हला रक्ताळलेली आव चिकटून आली. शौचाची तपासणी करून घेतली आणि पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. दुर्बिणीत गुदाशयाला सूज दिसली, अल्सरेटिव्ह प्रॉक्टायटिस, म्हणजे गुदाशयाच्या आतल्या अस्तराला सूज आणि जखमा होण्याचा आजार. रात्री झोपताना मेसालामाइनची सपोझिटरी, म्हणजे सूज उतरवणारी, गुदद्वारातून आत ठेवायची गोळी, सुरू झाली.

तेव्हापासून रक्त म्हटलं की मी आधी विचारते: आव पडते का? रात्री झोपेतून उठावं लागतं का? वजन उतरलंय का? गर्भाशयाच्या किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी कधी शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलेत का? शेकानंतर काही वर्षांनीही गुदाशयातून रक्त जाऊ शकतं. यातलं एकही 'हो' आलं, किंवा हिमोग्लोबिन कमी निघालं, तर मलमावर वेळ घालवत नाही, पाठवते. दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताची संडास आणि जोडीला ताप किंवा नव्वदच्या वर नाडी असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. आतड्यात अमिबा आणि टीबी नाही याची खात्री होईपर्यंत सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडला हात लावत नाही.

एक प्रश्न विचारायला मी फार वर्षं बिचकले. आता कंपाउंडरला बाहेर थांबवून, दार लोटून विचारते: मागच्या बाजूने संबंध येतात का? गनोरिया, क्लॅमिडिया, हर्पिस, सिफिलिस, या संबंधांतून पसरणाऱ्या आजारांनीही गुदाशय असाच सुजतो. तिथे स्वॅब आणि रक्त तपासावं लागतं, एचआयव्हीसकट, आणि जोडीदारालाही बोलवावं लागतं. आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही, तर लोक खरं सांगतात.

चिठ्ठीत आता सगळं लिहिते: किती आठवडे, दिवसातून कितीदा, रात्री किती वेळा, बोटाला काय लागलं. नुसतं 'मूळव्याध?' लिहून कुणाला पाठवत नाही.