ला व्हेर्ना: रविवारी जाऊ नका

ला व्हेर्ना म्हणजे इटलीतल्या तस्कनीमधला, डोंगरावरचा ख्रिस्ती मठ. आधीच सांगतो, रविवारी जाऊ नका. ‘बिब्बिएना स्टेशनबाहेर बस मिळते’ एवढंच ऐकून आम्ही अरेत्सो शहरातून छोटी ट्रेन पकडली. उतरलो तर स्टॉपवर चिटपाखरू नाही. टॅक्सीवाल्याने वीस-पंचवीस किलोमीटरचे सत्तर युरो उकळले, वर मठाऐवजी खाली बेच्चाच्या वस्तीतच सोडलं. भाडं आणि उतरायची जागा दोन्ही गाडीत बसण्याआधी ठरवा.

तिथून जुनी फरसबंद वाट. वीसेक मिनिटांची, सिंहगड चढणारा हसेल. मीही हसलो होतो. ऑक्टोबरचा पाऊस, झिजून गुळगुळीत झालेले दगड, त्यावर बीच झाडांची ओली पानं. दोनदा सपशेल आपटलो. गुडघा अजून ठणकतोय. साधे स्पोर्ट्स शूज चालणार नाहीत, आणि उतरताना तर देवाचंच नाव घ्या. आईवडील बरोबर असतील तर गाडीरस्त्याने थेट वर जा.

मी गेलो होतो बाच्चो मारिया बाच्ची या फ्लॉरेन्सच्या चित्रकारासाठी. संत फ्रान्सिस असिसीकरांना 1224 साली इथेच अंगावर पंचक्षतं, म्हणजे क्रुसावरच्या येशूसारख्या पाच जखमा, उमटली, असं मानतात. त्या जागेकडे नेणाऱ्या लांब कॉरिडॉरच्या भिंतींवर बाच्चीने 1929 पासून त्यांचं चरित्र रंगवलं; काम संपायला 1962 उजाडलं. त्याची कोळशाची कच्ची रेखाटनंही तिथे लावलेली आहेत, असं एकाने छातीठोकपणे सांगितलं होतं. मला एकही दिसलं नाही. कोळशाच्या ओढीने येणार असाल तर येऊ नका. भित्तिचित्रं मात्र सावकाश बघा. इथली आधीची, सतराव्या शतकातली चित्रं डोंगराच्या ओलीने खाल्ली, म्हणून तर बाच्चीला बोलावलं. चॅपलमधल्या आंद्रेआ देल्ला रोब्बिया या शिल्पकाराच्या निळ्या-पांढऱ्या मातीच्या मूर्तींना पाचशे वर्षांत त्या ओलीचं काही नाही. वरचा काचेसारखा लेप पाणी आत जाऊच देत नाही. माझं मत विचाराल तर देल्ला रोब्बियाच बाजी मारतो.

दुपारी तीनला फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या पंथाच्या) साधूंची मिरवणूक याच कॉरिडॉरमधून जाते, रोज. ती चुकवू नका, पण तेव्हा चित्रं बघायला मिळणार नाहीत, दोनलाच पोहोचा. प्रवेश फुकट. उंची अकराशे मीटरच्या वर, त्यामुळे फ्लॉरेन्समध्ये टी-शर्टवर फिरलात तरी इथे स्वेटर लागतोच.

कॉरिडॉरच्या मध्यावर एक दार आहे. आत संत झोपायचे ती गुहा: ओला, थंडगार खडक, बाकी काही नाही. शिरताना डोकं सांभाळा. माझं आपटलं.