तुम्ही विचारलंत म्हणून: सिस्टर एवढ्या खेकसतात का?

लग्नात, एसटीत, सोसायटीच्या जिन्यात, कुठेही 'सिव्हिलला सिस्टर आहे' म्हटलं की तिसऱ्या वाक्याला हे येतंच: "तुम्ही लोक पेशंटवर एवढं खेकसता का हो?"

खेकसतो. कधीच आवाज चढला नाही अशी सिस्टर मला तरी भेटलेली नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात जनरल वॉर्डात 5 पेशंटमागे एक नर्स आहे, रजांसाठी 30 टक्के वेगळ्या. हे वाचून आम्ही ड्युटीरूममध्ये हसतो. मे 2022 मध्ये कंत्राटी भरतीविरुद्ध संप केला, तेव्हाही लोकांनी पेशंटचं काय हेच विचारलं.

एक रात्र सांगते. पावसाळा, मेडिकल वॉर्ड, चाळीस खाटा, खालच्या गाद्या वेगळ्या. जोडीची सिस्टर लेबर रूमला ओढलेली, म्हणजे मी एकटी. दोनच्या सुमारास एक पोरगा आणला. जमिनीवर झोपला होता, पोटात दुखतंय एवढीच तक्रार. दाताची खूण नाही, पण पापण्या मिटत चाललेल्या. मण्यार साप चावलेला. डॉक्टर दहा व्हायल एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, सांगून दुसऱ्या पेशंटकडे धावले. ते पावडर असतं. एकेका कुपीत 10 मिली पाणी सोडायचं आणि हलकेच फिरवत राहायचं. झटकलं की नुसता फेस. घाई चालतच नाही. रिअॅक्शन आली तर म्हणून अॅड्रेनलिन भरून बाजूला. मधेमधे, श्वास किती टिकतोय ते कळावं म्हणून, पोराला एका दमात आकडे म्हणायला लावत होते. वीसपर्यंत गेला, मग चौदा, मग नऊ.

सहाव्या कुपीला पलीकडच्या आजोबांची सून आली. "सिस्टर, सलाईन संपलंय, नळीत रक्त चढतंय." येते म्हटलं. पुन्हा आली. तिसऱ्या खेपेला तिने माझा दंड धरला आणि मी ओरडले, "मरत नाहीत ते! गप्प बसा!"

तिच्या नवऱ्याने मोबाईलवर तेवढंच टिपलं. पोरगा व्हेंटिलेटरवर गेला, पुढे चालत घरी गेला. मला वर्तणुकीबाबत लेखी खुलासा मागितला. वॉर्डात नर्स किती होत्या, हे कुणी विचारलं नाही.

बरं, मी खोटं काय बोलले? बाटली संपून नळीत रक्त आलं म्हणून माणूस जात नाही. फार तर सुई बंद पडते, दुसरी लावायची. पण हे त्या बाईला कुणी सांगितलं होतं?

शिकाऊ असताना एका सिनियर सिस्टरबद्दल मी वहीत लिहिलं होतं, 'हिच्यातली माणुसकी मेलीय'. ती वहीवाली मुलगी आज समोर आली तर विचारीन, तू ठेवली असतीस का सहावी कुपी खाली? नसती ठेवली, म्हणेल ती, पण 'मरत नाहीत' कशाला? मग आमचं भांडण तिथेच अडतं.

मग सोडत का नाही, हा तुमचा पुढचा प्रश्न. ड्युटी संपवून आयसीयूत डोकावले, तेव्हा त्या पोराने नळीसकट एक पापणी उचलून बघितलं. पगारात हे बसत नाही, आणि याच्यावर घरही चालत नाही. दोन्ही खरं.

हल्ली नाईटला गेल्या गेल्या एक फेरी मारून सगळ्यांना सांगते: बाटली संपली, रक्त दिसलं, तरी घाबरू नका, एकदाच हाक मारा. निम्म्यांना पटतं. उरलेल्यांसाठी आवाज आहेच.