सौजन्य : गुगल

मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांच्या प्रोजेक्ट फिल्म तपासताना शेवटच्या पाटीवर ‘सौजन्य : गुगल’ दिसणार, याची आता सवय झाली आहे. त्या दिवशी मात्र शेवटच्या पाटीपर्यंत पोचलोच नाही.

विषय १९८२ चा गिरणी संप. १८ जानेवारी, डॉ. दत्ता सामंत, अडीच लाखांच्या आसपास कामगार, सगळं व्यवस्थित. मग पडद्यावर कृष्णधवल गर्दी आली, तोंडं काळवंडलेली. निवेदन म्हणालं, ‘गिरणीच्या काजळीने माखलेले हे चेहरे...’

माझे वडील गिरणीत त्रासनखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते. पाळीवरून यायचे तेव्हा भुवयांत, कानामागे कापसाची लव अडकलेली असायची. पांढरी. काजळी कुठून आली?

फिल्म थांबवायला लावली. गर्दीच्या मागे, उजव्या कोपऱ्यात, सिमेंटचा जाडजूड खांब.

‘‘हे काय आहे रे?’’

‘‘लालबागचा ब्रिज, सर.’’ पोरगा काळाचौकीचा. बोलला आणि त्याचं त्यालाच कळलं. तो पूल सुरू झाला २०११ मध्ये.

गुगल लेन्सवर टाकल्यावर मूळ रंगीत फोटो मिनिटभरात सापडला. विसर्जनाची मिरवणूक! काजळी म्हणजे गुलाल. कुणीतरी रंग काढून, खाली ‘१९८२’ लिहून फोटो फिरवला होता आणि आमच्या पठ्ठ्याने तो विश्वासाने उचलला.

मग दुसऱ्यांचे फोटो वापरण्यावरून वाद रंगला. वर्गात शिकण्या-शिकवण्यापुरती कॉपीराइट कायदा सूट देतो. पण ह्यांना फिल्म महोत्सवाला पाठवायची होती, तिथे ती सूट धरून चालत नाही. १९८२ साली पेपरात छापलेल्या फोटोचा कॉपीराइट अजून संपलेला नाही. विकिमीडिया कॉमन्स या खुल्या फोटोसंग्रहावरचे चालतील, पण फोटोखालचा परवाना वाचून, छायाचित्रकाराचं नाव देऊन. ‘‘एवढं कोण वाचतं, सर?’’ असं मागच्या बाकावरून आलंच.

आठवड्याने तो शेजारच्या आजींकडचा फोटो घेऊन आला. स्टुडिओतला, मागे रंगवलेला पडदा, आजोबा खुर्चीत ताठ, खिशाला पेन. पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याच्या मालकीचा असतो. तेव्हा परवानगी घरातूनच मिळाली. आजींनी वहीच्या कागदावर सही केली, अट घालून : ‘‘कॉलेजात दाखवा, स्पर्धेला पाठवा. व्हॉट्सॲपवर नको.’’ कागदाचा फोटोही त्याने फाइलला जोडला होता. मला, खरं सांगतो, भरून आलं.

फिल्म पुन्हा लावली. गर्दीच्या जागी आजोबा, आणि मागे गिरणीचा लांबलचक भोंगा. अंगावर काटा आला.

‘‘भोंगा कुठून आणलास?’’

तो पायाकडे बघत राहिला. ‘‘यूट्यूब, सर.’’