मे महिन्यातली सांदण दरी, तैलरंगात

मे महिन्यात डोंगर रंगवायला निघालो म्हटलं की नाशिकमध्ये हमखास एकच प्रश्न येतो, "आता काय आहे तिकडे?" हिरवळ नाही, धबधबे नाहीत, उन्हाचा नुसता तडाखा. आता तिकडे खडक आहे, हेच माझं उत्तर. जुलैत त्र्यंबकजवळच्या पहिन्याला गर्दी करणाऱ्यांना धुकं आणि पाणी दिसतं, डोंगर दिसतच नाही. गवत वाळून पिवळं पडलं, कारवीची पानं झडली की कड्याचे थर एकेक करून मोजता येतात.

नाशिकचं निसर्गचित्र म्हणजे जलरंग, असं आपल्याकडे जवळजवळ ठरूनच गेलंय. शिवाजी तुपे यांच्या चित्रांवर वाढलेल्या पिढ्या गोदाघाटावर पॅड घेऊन बसतात आणि तासाभरात चित्र गुंडाळून मिसळीला जातात. तैलरंग घेऊन डोंगरात जायचं म्हणजे बिऱ्हाड हलवणं. तरीही जायचं ठरलं, कारण गेलं वर्षभर आमच्या डोक्यात अमेरिकेतल्या वाळवंटी दऱ्यांची चित्रं होती. थॉमस मोरान हा चित्रकार १८७३ मध्ये भूशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेलबरोबर ग्रँड कॅन्यनला गेला. जागेवर त्याने छोटी रेखाटनं आणि जलरंगातले अभ्यास केले, आणि 'द कॅज्म ऑफ द कोलोरॅडो' हे सुमारे ७ फूट बाय १२ फुटांचं तैलचित्र स्टुडिओत परतल्यावर रंगवलं. अमेरिकेच्या काँग्रेसने ते १०,००० डॉलरला विकत घेतलं. त्यातला देखावा जसाच्या तसा एका जागेवरून दिसत नाही, वेगवेगळ्या ठिकाणांहून पाहिलेलं त्याने एकत्र आणलंय. जागेवर नेमकं काय गोळा करायचं आणि घरी काय करायचं, ही वाटणी आपल्या काळ्या कातळावर कितपत चालते ते आम्हाला बघायचं होतं. आम्ही म्हणजे मी, चित्रकला महाविद्यालयातून निवृत्त झालेले आमचे सर आणि त्यांची एक विद्यार्थिनी, जिने तोवर तैलरंग खोलीबाहेर कधी नेलेच नव्हते.

रस्ता असा: नाशिकहून त्र्यंबक साधारण ३० किमी, तिथून पहिनेमार्गे घोटी, मग बारीवरून शेंडी, म्हणजे भंडारदरा धरणाचं गाव, आणि पुढे घाटघरच्या अंगाने साम्रद, म्हणजे सांदण दरीचं गाव. सरळ महामार्गाने घोटी गाठली तर वेळ वाचतो. पण चित्रं काढायला निघालेल्या माणसाने पहिन्याचा रस्ता सोडू नये. तिथे कडे रस्त्याच्या अंगावर येतात आणि सकाळचं तिरपं ऊन थरांवर बाजूने पडतं. सावली शोधून गाडी लावली की इझल दहा पावलांवर मांडता येतो. माकडांपासून पॅलेट सांभाळा. त्यांना कॅडमियम यलोचं फार कुतूहल असतं आणि तो रंग महाग आहे.

पहिन्याला आम्ही जी पाटी, म्हणजे छोट्या फळीवरचं चित्र, केली तिच्यात खरा धडा खडकाच्या रंगाचा होता. दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, एकावर एक आडवे थर. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारखा लाल पट्टा असतो. पावसाळ्यात त्यातली माती धुपून खालच्या काळ्या कड्यावर ओघळते आणि उन्हाळ्यात ते ओघळ वाळून राहतात. ग्रँड कॅन्यनमधला 'रेडवॉल' नावाचा चुनखडकही असाच. मुळात तो राखाडी आहे, वरच्या थरांतलं लोह उतरून लाल दिसतो. म्हणजे चित्रात लाल रंग खडकाचा म्हणून सपाट भरायचा नाही. आधी राखाडी कडा बसवायचा आणि मग वरून खाली ओघळ ओढायचे, पाणी जसं उतरलं असेल तसे. सरांनी एकाच चपट्या ब्रशने, दाब कमी-कमी करत चार ओघळ खेचले आणि कडा उभा राहिला. तोवर तो नुसता करडा पडदा होता.

आता सामानाचं. आठ बाय दहा इंचांच्या पाट्या पुरतात. एमडीएफच्या घ्या, घरीच जेसोचे, म्हणजे पांढऱ्या अस्तराचे, दोन-तीन हात द्या. ताणलेला कॅनव्हास साम्रदच्या पठारावर शिडासारखा फडफडतो, आणि मागून ऊन आलं तर रंग कळेनासे होतात. पाटीला आधीच बर्न्ट सिएनाचा पातळ हात देऊन वाळवून न्या. भर उन्हात पांढऱ्या पाटीकडे बघवत नाही, आणि फटीतून डोकावणारी ती तांबूस छटा वाळलेल्या गवताचं अर्धं काम करून टाकते. रंग मोजकेच: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम यलो, बर्न्ट सिएना, अलिझरिन क्रिमसन, अल्ट्रामरीन. काळा नेऊच नका. काळा कातळ अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनातून येतो, आणि दोन्हींचं प्रमाण बदललं की तोच करडा कधी थंड तर कधी उबदार होतो. स्टुडंट दर्जाचे रंग पांढऱ्यात मिसळले की लवकर फिके पडतात. निदान निळा तरी आर्टिस्ट दर्जाचा घ्या.

कपडे करडे किंवा गडद हवेत. पांढऱ्या शर्टाचा उजेड ओल्या रंगावर चमकतो आणि आपण रंगवतोय काय तेच दिसत नाही. पाटी नेहमी सावलीत ठेवा. उन्हात ठेवून केलेलं चित्र घरी आणलं की दोन टोन काळं निघतं. गॉगल लावून रंगवणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

जागेवरची पद्धत सरांनी हळूहळू बदलायला लावली. आधी आम्ही आकाशापासून खाली येत होतो, जलरंगाच्या सवयीने. कड्याला ते चालत नाही. सूर्य तासाला १५ अंश सरकतो आणि तिरप्या उन्हात सावलीची कडा बघता बघता हलते. म्हणून पहिल्या वीस मिनिटांत फक्त सावल्यांचे आकार, टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या रंगाने. ते बसले की त्यांना हात लावायचा नाही. ऊन कुठेही जावो, आपली सावली सकाळी नऊचीच. मग तीन ढीग कालवायचे: उन्हातला कडा, सावलीतला कडा आणि सगळ्यात लांबचा डोंगर. कालवलेला रंग पॅलेट नाइफच्या टोकावर घेऊन हात लांब करायचा, एक डोळा मिटायचा आणि पातं थेट कड्याला लावून बघायचं. रंग कड्यात विरघळला तर बरोबर, वेगळा दिसला तर परत कालवा. सावलीचा ढीग बहुतेकदा आपल्याला वाटतो त्यापेक्षा उजळ निघतो. हा खेळ दहा मिनिटं खातो, पण पुढचा तास वाचवतो.

थरांच्या रेघा सगळ्या काढायच्या नाहीत, डोंगर वहीसारखा दिसायला लागतो. जिथे गवताची पायरी खडकाला भेटते त्या दोन-तीनच घ्या. शिवाय डोळ्याच्या पातळीच्या वरचे थर लांब जाताना खाली उतरतात, खालचे वर चढतात. आडवे म्हणून सगळे आडवेच ओढले तर कडा कागदाचा होतो.

साम्रदला पोचलो ते उन्हं कलताना. गावात जेवणाची आणि मुक्कामाची सोय घरगुती आहे, मात्र आधी फोन करून सांगावं लागतं. नागलीची भाकरी, पिठलं आणि ठेचा. भाकरी वाढणाऱ्या मावशींनी ओल्या पाट्या बघून विचारलं, "हे कधी वाळंल?" आठवड्याने, म्हटल्यावर त्यांना आमची कीव आली असावी. पाट्यांसाठी त्यांनी कोंबड्यांपासून लांब, उंच फळी मोकळी करून दिली. ओली पाटी नेण्यासाठी दोन पाट्या समोरासमोर धरून चार कोपऱ्यांत बुचाचे तुकडे आणि वरून रबरबँड, एवढं पुरतं.

साम्रदच्या पठारावरून एका बाजूला रतनगड, दुसऱ्या बाजूला अलंग, मदन, कुलंग दिसतात. डिसेंबरात हे निळे असतात. मेमध्ये हवेत धूळ असते, त्यामुळे लांबचे डोंगर फिकट मातकट जांभळे होतात. सवयीने निळा लावाल तर चित्रात हिवाळा शिरेल.

आता दरी. सांदण म्हणजे जमिनीला पडलेली चीर. काही ठिकाणी दोन-तीनशे फूट खोल, आणि अरुंद जागी दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील. एरवी तळाशी ऊन जेमतेम पोचतं. पण साम्रद १९.५ अक्षांशाच्या आसपास असल्याने मेच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. तोच आपला शून्य सावलीचा दिवस. घड्याळात तेव्हा बारा नाही, साधारण साडेबारा वाजलेले असतात. अशा वेळी उजेड सरळ तळावर पडतो, दगडगोट्यांवर आपटतो आणि खालून वर भिंतींच्या पोटाला लागतो. अर्धा-पाऊण तासाचा मामला. सकाळी दहापर्यंत आत उतरून जागा पकडा, रेखाटन आणि सावलीचे टोन करून ठेवा आणि त्या उजेडाची वाट बघा. तेव्हा आकार शोधत बसाल तर रंग हातचे जातात.

आमच्या विद्यार्थिनीने सावलीतल्या भिंती नारिंगी केल्या. तिने वाळवंटी दऱ्यांचे व्हिडिओ बघून सराव केला होता, आणि तिथे ते खरंच आहे. फिक्या-तांबड्या वालुकाश्माच्या एका भिंतीवर ऊन पडलं की समोरची सावलीतली भिंत निखाऱ्यासारखी उजळते. आपल्या बेसाल्टला उजेड परत फेकायची सवय नाही, तो गिळतो. सांदणच्या भिंतींना वरच्या आकाशाच्या पट्टीचा निळसरपणा येतो आणि ऊब येते ती फक्त तळाकडून, कमरेच्या उंचीपर्यंत. सरांनी पाटी पुसायला लावली नाही. "नारिंगी खालच्या बोटभर जागेत ठेव, वर थंड कर," एवढंच म्हणाले. दुपारपर्यंत तिची पाटी आम्हा तिघांत सरस झाली होती. मला जरा जड गेलं, पण झाली होती.

फोटो काढा, पण रंगांसाठी त्यांच्यावर विसंबू नका. दरीत कॅमेरा एक तर आकाश पांढरं फटक करतो, नाही तर भिंती काळ्या डांबरासारख्या. सावलीतले चार वेगळे करडे त्याला दिसत नाहीत. ते पाटीच्या मागे शब्दांत लिहा: "डावी भिंत, वर अल्ट्रामरीनकडे, मध्ये ऑकर".

सुरक्षेचं थोडं कडक शब्दांत सांगतो. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात दुपारनंतर वळवाचे ढग जमतात. गडगडाट ऐकू आला की चित्र अर्धं राहिलं तरी वर या. दरीत पाणी चढलं तर बाजूला सरकायला जागा नाही, आणि पावसाळ्यात तर उतरायचंच नाही. गावातला माणूस सोबत घ्या, त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, धूर करू नका, उग्र अत्तर लावू नका. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, त्यामुळे टर्पेंटाइन जमिनीवर ओतणं तर सोडाच, रंगाच्या चिंध्यासुद्धा परत आणायच्या. वापरलेलं टर्पेंटाइन बाटलीत झाकून ठेवलं की गाळ खाली बसतो आणि वरचं परत वापरता येतं. जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून बंद गाडीत ठेवू नका. तेल हवेतला ऑक्सिजन घेताना तापतं, आणि मेच्या उन्हातल्या बंद गाडीत त्या आपोआप पेटू शकतात. पाण्यात भिजवून झाकणाच्या डब्यात टाका. एसटीने जाणार असाल तर टर्पेंटाइन नेऊच नका, पाण्यात मिसळणारे तैलरंग घ्या.

शनिवार-रविवार टाळा. मेअखेरीस काजव्यांसाठी भंडारदऱ्याला अख्खी मुंबई-नाशिक लोटते आणि शेंडीच्या पुढे रस्ता तुंबतो.

घरी आल्यावर मोठा कॅनव्हास सुरू केला, तीन बाय चार फुटांचा. पाटीवर चौकटी आखून आकार वाढवला, रंग पाटीचे आणि पाटीमागच्या शब्दांचे. पहिल्यांदा अंबर या तपकिरी रंगाने पातळ हात, कारण तो लवकर वाळतो. नंतरच्या प्रत्येक थरात तेल थोडं वाढवत जायचं. उलट केलं, म्हणजे तेलकट थरावर कोरडा थर दिला, तर वरचा आधी वाळतो आणि तडकतो. उन्हातला कडा शेवटी, जाड, नाइफने. सावल्या मात्र पातळच ठेवल्या, त्यांच्यावर जाड रंग चढला की दरीची खोली जाते. अलिझरिन वाळायला फार वेळ घेतो आणि नाशिकच्या जुलैतल्या दमट हवेत तर त्याहून जास्त. पंखा सुरू ठेवा, कॅनव्हास भिंतीला चिकटवून ठेवू नका, पाठीला बुरशी धरते. व्हार्निश सहा महिन्यांनी.

मोरानसारखं जागा एकत्र करायचं धाडसही केलं: पहिन्याचे लाल ओघळ सांदणच्या भिंतीवर आणले. सरांना ते पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, ओघळ आणायचे तर वर लाल पट्टाही दाखव, नाही तर पाणी आलं कुठून? म्हणून आता वरचा थर खरवडून पट्टा घालणं चाललंय.

मे जमत नसेल तर डिसेंबर-जानेवारीही चालेल. ऊन दिवसभर तिरपं मिळतं, पठारावरच्या चित्रांना ते जास्त बरं. पण दरीत तळावर उजेड येणार नाही, आणि सुरुवातीच्याच डोहात कमरेपर्यंत गार पाणी असू शकतं. पाट्या आणि रंगांची पेटी डोक्यावर धरून जायची तयारी ठेवा, आणि इझल गावातच सोडा.