त्रिंदादांच्या चित्रावरून तैलरंग शिकताना

व्यक्तिचित्र शिकायला वास्तववादी नमुना हवा, तर गोव्यात लांब जायला नको. गोव्याचे चित्रकार आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांची चित्रं पणजीत फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेच्या संग्रहात आहेत. प्रिंटवरून नक्कल करणार असाल तरी मूळ चित्र आधी पाहाच. छपाईत गडद सावल्यांतले बारीक फरक बुजतात.

प्रिंट आणि कॅनव्हासचं प्रमाण सारखं ठेवून चौकटी आखा. मग टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या रॉ अंबर या मातकट तपकिरी रंगाचा हात फिरवा आणि उजेडाच्या जागा फडक्याने पुसून काढा. हा रंग लवकर वाळतो, म्हणून पहिल्या थराला उत्तम. इथे घाई नको: डोळे किलकिले करून पाहिल्यावर छायाप्रकाश मूळ चित्रासारखा दिसत नसेल, तर वरचा कुठलाही रंग चेहरा वाचवणार नाही.

त्वचेला यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल), आयव्हरी ब्लॅक (काळा) आणि टायटॅनियम व्हाइट (पांढरा) पुरतात. काळ्यात पांढरा मिसळून केलेला करडा उबदार रंगाशेजारी निळसर दिसतो. गालाकडून सावलीकडे वळताना तोच लागतो. उजेडासाठी नुसता पांढरा वाढवलात तर कातडी खडूसारखी होते, सोबत ऑकर घाला. डोळ्याचा पांढरा भागही खरं तर करडाच असतो. सावल्या पातळ, उजेड जाड.

वरच्या थरात जवसाचं तेल खालच्यापेक्षा जास्त हवं, नाहीतर पुढे भेगा पडतात. पावसाळ्यात कॅनव्हास ओल्या भिंतीला टेकवू नका, बुरशी धरते. बंद कपाटातही नको. अंधारात तेल पिवळं पडतं. तेलाची फडकी मात्र गोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून ठेवा.