थांबणाऱ्याला तारीख

रावेर तालुक्यात केळीच्या टिश्यूकल्चर रोपांच्या नर्सरीत सुपरवायझर आहे मी. म्हणजे दिवसभर शेडनेटखाली घामाघूम व्हायचं आणि फोनवर बोलणी खायची.

लोकांना वाटतं लॅबमधून रोप आलं की झालं. अरे भो, बाटलीतून निघालेलं जी-नाइन (केळीचं वाण) म्हणजे आयसीयूतला पेशंट. पानावर मेणाचा थर नाही, पानाची छिद्रं नीट मिटत नाहीत, डायरेक्ट ऊन लागलं तर वाळलंच. म्हणून आधी पॉलीहाऊसमध्ये धुक्यासारखं पाणी उडवणाऱ्या फॉगरखाली महिना-सव्वा महिना, मग पिशवीत भरून शेडनेटखाली जवळपास तेवढंच, आणि शेवटी पाणी कमी करत ऊन दाखवायचं. या सगळ्याला हार्डनिंग म्हणतात. ५-६ पानं आली, बुंधा जाड झाला की तयार. नुसती उंची पाहिजे तर नत्र सोडून मी पण वाढवून देतो, पण लुसलुशीत रोप बाहेर टिकत नाही. गिऱ्हाईक बघतं मात्र उंचीच. लॅबवाले पण तसलेच, सात-आठ वेळा वाढवलं की ते कल्चर टाकून नवं घ्यायला पाहिजे, नाहीतर बुटकी, चट्टेवाली रोपं निघतात, तरी मीटिंगमध्ये "अजून एक सायकल काढा" चालूच.

तर जूनच्या सुरुवातीला, पावसाचा पत्ता नाही, पारा चाळीसच्या वर, आणि एक मोठे बागायतदार पिकअप घेऊन हजर. मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची केळीची लागवड, सगळ्या गावाच्या आधी करायची होती. लॉट नुकताच पिशवीत आलेला, मी नाही म्हटलं. त्यांनी तिथूनच मॅनेजरला फोन लावला, मॅनेजर म्हणे देऊन टाक. चलनावर "हार्डनिंग अपूर्ण" लिहिलं, त्यांची सही घेतली आणि गाडी भरून दिली.

रोपं जळाली. बागायतदार साहेब आले, आरडाओरडा केला, आणि सही असूनही मॅनेजरने बदली रोपं दिली, ती पण तापीकाठच्या एका नानांच्या लॉटमधून! नानांनी फेब्रुवारीतच बुकिंग केलेलं. अधूनमधून यायचे, बुंधा अंगठ्याने दाबून बघायचे, "राहू दे अजून" म्हणून निघून जायचे. मॅनेजरचं लॉजिक काय, तर नाना थांबतात, ते काही बोलणार नाहीत. आमच्याकडे ओरडणाऱ्याला रोपं आणि थांबणाऱ्याला तारीख.

नानांना फोन मलाच करावा लागला. ठिबक पसरून झालेलं, मजूर सांगून ठेवलेले. थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणे, "मंग ॲडव्हान्स वापस कर भाऊ, मी कांदेबागच लावतो." कांदेबाग म्हणजे केळीच, पण पावसाळा सरताना लावलेली.

तो ॲडव्हान्सच मिळवून द्यायच्या मागे आहे सध्या. अकाउंटवाला म्हणतो, पॉलिसीत बसत नाही.